उपासाचं पाखरू

उत्तनच्या किनाऱ्यावर लहानाची मोठी झालेल्या सेलेस्टिनला कसलीच घाण वाटत नसे. सडक्या कोळंबीचं खत ती हातानं पसरायची, मुशीचं पोट फाडून आतडी वाळूत भिरकावायची आणि तेच हात समुद्रात दोनदा बुचकळून भाकरी खायला बसायची. अवकाळी सर येऊन बोंबील भिजले की जो वास सुटतो, त्यानं भाईंदरहून आलेले व्यापारी नाकाला रुमाल लावून मागं सरत. ही त्या ढिगाशेजारी बसून जांभया द्यायची. अशा बाईला पिसांची किळस यावी आणि तिचं लग्न नेमकं पिसांच्या घरात व्हावं, याला कोणी नशीब म्हणेल. सेलेस्टिन म्हणे, बापाचा आंधळेपणा.

बापाला भुरळ पडली ती बंदुकीची. डोंगरीचा पास्कल, त्याच्या घरी आजोबाच्या वेळची ठासणीची बंदूक, तिला सरकारी परवाना, आणि वांद्र्याचे साहेबलोक त्याच्याकडे शिकारीला येतात, एवढं कानावर आलं आणि म्हातारा हुरळला. बंदूकवाला जावई म्हणजे फौजदाराच्या खालोखाल कोणीतरी असणार, अशी त्या भोळ्या कोळ्याची समजूत. तेहतीस साली लग्न लागलं, बँड वाजला, पाहुणे पोटभर जेवून आणि त्याहून जास्त पिऊन गेले. पाहुण्यांची पाठ फिरली त्या सकाळी पास्कलनं सुतळीत पाय बांधलेल्या पाखरांची जुडी नव्या नवरीपुढं ओट्यावर टाकली.

"पिसं काढ," तो म्हणाला. "दुपारी सायबाचा मानूस येल न्यायला."

ती करवानकं होती. डोंगरी आणि उत्तनच्या मधल्या खडकाळ माळावर, जिथं गवतसुद्धा नाइलाजानं उगवतं, तिथं ही पाखरं राहतात. अंगाचा रंग मातीचा, त्यावर काळपट फराटे. दिवसभर एखाद्या काटेरी झुडपाच्या सावलीत डोळे अर्धे मिटून उभी. माणूस जवळ आला तर शहाण्या पाखरासारखं उडून जावं, ते नाही. मान लांब करून जमिनीला चिकटतात आणि आपण आता कोणाला दिसत नाही असं समजून पडून राहतात. दिवस मावळला की मात्र त्यांच्या अंगात येतं. टांगा टाकत इकडून तिकडं धावतात, एकानं शीळ घातली की बाकीची गळा काढतात, आणि अख्खा माळ रडायला लागतो. डोळे पिवळे आणि डोक्याच्या मानानं फार मोठे. काटकुळ्या पायांत मध्येच सुजलेला गुडघा, संधिवाताच्या म्हातारीचा असावा तसा.

सेलेस्टिननं त्या दिवशी पहिल्यांदा पाखरू गरम पाण्यात बुडवलं आणि ओल्या पिसांचा जो भपकारा आला त्यासरशी तिनं मान फिरवली. मुशीपुढं फिरवली नव्हती, सडक्या कोळंबीपुढं फिरवली नव्हती. पिसं बोटांना चिकटत, झटकली तर दंडाला चिकटत, पुसली तर लुगड्याला. कातडीतून चपट्या माशा निघून मनगटावर चढत. त्यातून मेलेल्या पाखरांचे डोळे उघडेच, जशी काही उपटताना बघत पडलीत. तिनं तोंडावर फडकं टाकून काम उरकलं आणि घराच्या मागं जाऊन भडाभडा ओकली. सासूला वाटलं गोड बातमी आहे. गावभर तसं सांगूनही झालं.

पुढची सगळी वर्षं ती पिसांतच राहिली. भातात पीस, पाण्याच्या मडक्यात पीस, रविवारी देवळातल्या मिसाला नेसायच्या लुगड्याच्या घडीत पीस. तिनं पास्कलला सांगितलं, समजावलं, एकदा त्याच्या अंगावर पाण्याचं भांडंही फेकलं. पास्कल हसला. माणूस वाईट नव्हता, फक्त आळशी होता, आणि आळशी शिकाऱ्याला करवानकासारखं देवाचं देणं नाही. बदकांच्या मागं मिठागरात चिखल तुडवा, कवड्यांच्या मागं रानात फिरा, असली उस्तवार कोण करतो. हे पाखरू आपणहून झोपतं, शिकाऱ्यानं बसल्या जागी बार काढावा. पास्कल दिवस कलताना बिडी ओढत माळावर जायचा आणि बिडी संपायच्या आत शिकार घेऊन परतायचा. साहेबांना तो सांगायचा की फार अवघड शिकार आहे, फार मेहनत पडते. साहेबही तेच आपल्या मडमांना सांगत असणार.

तिची सुटका वर्षातून एकदाच व्हायची. राखेच्या बुधवारी पाद्री कपाळाला राख लावायचा, उपासाचे दिवस सुरू व्हायचे आणि ईस्टरपर्यंत गावात कोणाच्या चुलीवर मटण चढायचं नाही. मासळी चाले. गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर पास्कल बंदूक खुंटीला लावून पारावर पत्ते कुटायचा. सेलेस्टिन घर शेणानं सारवून घ्यायची, गोधड्या उन्हात टाकायची, शेवटचं पीस शोधून चुलीत घालायची, आणि मग ते चाळीस दिवस माणसासारखी जगायची. बाकीच्या गावाला उपास जड जाई. ही वर्षभर त्याची वाट बघायची. चुलीत पीस जळल्याचा वाससुद्धा तिला तेव्हा सणासारखा वाटे.

डोंगरीत उपास म्हटलं की नाव यायचं तिच्या सासूचं, कात्रीनबायचं. कात्रीनबाय जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन राई, मुर्धा, मोरवा ही गावं करत भाईंदरच्या स्टेशनापर्यंत विकत गेलेली बाई. अंगानं काटकी, जिभेनं तिखट. पण उपासाला अशी पक्की की पाद्र्यानंही तिचं नाव घ्यावं. लोक मटण सोडत, ही मासळीसुद्धा एक वेळ खायची. नवरा वारला त्या वर्षीही तिनं उपास मोडला नाही. या निष्ठेपायी तिला गावात एक मान होता. शुभ शुक्रवारी देवळात येशूची मूर्ती क्रुसावरून उतरवतात, तेव्हा मूर्तीखाली पांढरी चादर अंथरायची ती कात्रीनबायनंच. ज्या बाईनं उपास कधी मोडला नाही तिनंच ती चादर अंथरावी, अशी गावची जुनी रीत. दुसऱ्या बायका बाजूला मेणबत्त्या धरून उभ्या राहायच्या, आणि कात्रीनबाय मधून अशी चालायची की पुढारीणच. म्हातारीला घर नव्हतं म्हणावं असं, दागिना नव्हता, दात नव्हते. होता तो हा मान.

अडतीस साली उपास लागायच्या आदल्या रविवारी वांद्र्याचे एक वकीलसाहेब शिकारीला आले. सोबत बाटली होती. दोन पेले पोटात गेल्यावर साहेबांच्या ज्ञानाला भरती आली. कुठल्याशा थंड मुलखात म्हणे पाण्यावरचा एक पक्षी आहे, आणि तिथले पाद्री त्याला मासळीत धरतात, उपासाला खुशाल खातात.

"आनि करवानक सायेब?" पास्कलनं विचारलं. "ते कशात धरायचं?"

वकिलानं हातातल्या पाखराचे लांब पाय बघितले. त्याला लवकर घरी जायचं होतं. "पाय बगळ्यासारखे आहेत ना? म्हणजे मूळ घराणं पाण्यातलंच," असं म्हणून तो मोटारीत बसला. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण वकील बोलला म्हणजे कायदाच, असं धरून पास्कल घरी आला तो नाचतच.

"सेलू, करवानक मासलीत मोडतं," त्यानं जाहीर केलं.

"मासलीत मोडतं तर पिसं कुनाची काढतंय मी?" सेलेस्टिन म्हणाली. "खवलं दाव मला."

पास्कलकडं उत्तर तयार होतं. या करवानकाचा एक थोरला भाऊबंद आहे. अंगानं दुप्पट, चोच जाड आणि जराशी वर वळलेली. तो खाडीच्या तोंडाशी खडकांत राहतो आणि चिंबोऱ्या फोडून खातो, हे पास्कलनं स्वतः पाहिलेलं. एका घराण्यातले चुलता-पुतण्या, एक चिंबोऱ्या खातो, मग दुसरा मटण कसा? सेलेस्टिन म्हणाली की चुलता खाडीत उतरतो म्हणून पुतण्याला कल्ले फुटत नाहीत. पण पास्कलला बायकोशी वाद घालायचाच नव्हता. त्याला हवी होती आईची मान्यता. कात्रीनबायनं खाल्लं तर गाव खाईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि एवढी एक हुशारी त्याच्या सगळ्या आळसातून शिल्लक राहिली होती.

उपासाच्या पहिल्याच शुक्रवारी त्यानं सेलेस्टिनला पाखरू रांधायला लावलं, चिंचेच्या कोळात, बाटलीत भरून ठेवलेल्या घरच्या मसाल्यात, जसं पापलेटाचं आंबट करतात तसं. कात्रीनबाय पाटावर बसली. मुलानं वकिलाचा निवाडा तिला तपशिलानं ऐकवला. म्हातारीनं एक तुकडा तोंडात घातला आणि दात नसलेल्या हिरड्यांनी बराच वेळ चघळत राहिली. सेलेस्टिन चुलीपाशी उभी होती. तिला वाटलं, आता ही थुंकणार, मुलाच्या मुस्काटात मारणार, आणि माझे चाळीस दिवस मला परत मिळणार.

"मासलीच हाय," कात्रीनबाय म्हणाली. "अजून एक वाढ."

झालं. रविवारच्या मिसानंतर ही गोष्ट पारावर गेली आणि पुढच्या शुक्रवारी पास्कलच्या दारात रांग लागली. एरवी करवानकाकडं ढुंकून न बघणारी माणसं, कोंबडी परवडत नाही म्हणून नाही, तर उपासाला काहीतरी चमचमीत मिळतंय म्हणून आली. त्या लोकांचे चेहरे सेलेस्टिननं बघितले. सगळ्यांना माहीत होतं की हे पाखरू आहे. माळावर बालपणापासून बघितलेलं पाखरू. तरी प्रत्येक जण "मासली हाय ना ताजी?" असं गंभीर तोंडानं विचारायचा आणि पास्कल तितक्याच गंभीरपणे "एकदम ताजी" म्हणायचा. देवाला फसवायला निघालेली माणसं कशी दिसतात ते तिनं दारात उभं राहून पाहिलं आणि तिला पिसांपेक्षा त्यांचीच जास्त शिसारी आली.

चाळीस दिवस गेले ते गेलेच. उलट उपासातच काम वाढलं, कारण बाकी वर्षभर साहेब चारदोन पाखरं न्यायचे, उपासात गाव टोपलीभर खायचं. तेच पाखरांचे अंड्यावर यायचे दिवस. मादीचं पोट फाडलं की आत अजून कवच न धरलेलं मऊ अंडं हाताला लागे, आणि ते बोटाखाली फुटलं की सेलेस्टिनला दिवसभर जेवण जात नसे. मासळीची गाभोळी तिनं आयुष्यभर आवडीनं खाल्ली होती. हे वेगळं होतं.

आणि गाठोळीत, म्हणजे पाखराच्या पोटातल्या पिशवीत, काय असे? भुंगेरे. नाकतोडे. पालीची शेपटी. एकदा अख्खा उंदीर, केसांसकट. मासळीचा काटा नाही, कोळंबीचं टरफल नाही. तिनं पास्कलला बोलावून दाखवलं. पास्कलनं नाक मुरडलं.

"आत काय हाय ते खानाऱ्याला क्याला पायजे," तो म्हणाला. "फेक बाहेर."

अशी तीन वर्षं गेली. लढाई सुरू झाली, दारूगोळा मिळेनासा झाला, पण पास्कलला पाखरामागं एकच बार पुरे, त्यामुळं त्याचं अडलं नाही. एक्केचाळीस साली देवळात नवे फादर आले. वयानं पन्नाशीचे, बोलायला मऊ, पण नजर बारीक. उपासाच्या एका शुक्रवारी ते पीटर नावाच्या आजारी कारभाऱ्याला भेटायला त्याच्या घरी गेले. आजारी पीटर ताटावर बसून काहीतरी चोखत होता.

"काय खातोस, पीटर?"

"मासली, फादर."

फादरांनी ताटात वाकून बघितलं. "मासळीला मांडी कधीपासून फुटली?" त्यांनी विचारलं.

पीटरनं सगळं सांगितलं: वकील, थंड मुलूख, चिंबोऱ्या खाणारा चुलता, आणि शेवटी, स्वतःची कातडी वाचवायला, कात्रीनबाय. फादर रागावले नाहीत. येत्या रविवारी मिसानंतर पास्कलच्या घरानं आणि ज्यांना यात काही म्हणायचं असेल त्यांनी देवळाच्या व्हरांड्यात थांबावं, एवढाच त्यांनी निरोप धाडला. तो रविवार होता झावळ्यांचा, त्या दिवशी हातात झावळ्या घेऊन मिसाला जातात. म्हणजे शुभ शुक्रवार पाच दिवसांवर.

निरोप ऐकून पास्कलचं तोंड उतरलं. सेलेस्टिनला मात्र रात्रभर गुदगुल्या होत होत्या. शनिवारच्या पाखरांच्या गाठोळीतलं सगळं, भुंगेऱ्यांची काळी कवचं, नाकतोड्याच्या तंगड्या, पालीचं एक हाडूक, तिनं धुऊन, वाळवून, सकाळी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. विचारू दे फादरांना. एक गाठ सोडायची आणि हा पिसांचा संसार संपवायचा. देवानं इतक्या वर्षांत तिचं एक गाऱ्हाणं तरी ऐकलं, असं तिला वाटलं.

व्हरांड्यात अख्खं गाव जमलं. झावळ्या हातात, माना खाली. फादर खुर्चीवर बसले होते. पास्कलनं वकिलाचं म्हणणं सांगितलं. ते बाहेर उन्हात सांगताना त्याला स्वतःलाच पोकळ वाटलं असावं, कारण शेवटचे शब्द ऐकूच आले नाहीत. फादर म्हणाले, "मला हा पक्षी माहीत नाही. दुसऱ्या मुलखात काय चालतं ते मी ऐकलंय, पण तो पक्षी पाण्यात राहतो, पाण्यातलं खातो. हा कुठं राहतो ते तुम्ही सांगताय. काय खातो, ते सांगा."

कोणी काही बोलायच्या आत कात्रीनबाय उठली. गुडघ्यांवर हात टेकत उठायला तिला वेळ लागला.

"फादर," ती म्हणाली, "मी खाल्लंय. मासली म्हनून खाल्लंय. मटन असंल तर माझा जल्माचा उपास मोडला. मंग शुक्रवारची चादर दुसरीला द्या. मी मेनबत्ती बी धरनार न्हाय. मी देवलाच्या बाहेर बसन."

ती हे रडून बोलली नाही. पण बोलताना तिच्या हातातल्या झावळीची पानं वाजत होती, सगळ्यांना ऐकू येत होती. बायकांच्या घोळक्यात, ज्या दोघीतिघी गेली कित्येक वर्षं त्या चादरीवर डोळा ठेवून होत्या, त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. तेही सेलेस्टिननं बघितलं.

"पाखरं साफ कोण करतं?" फादरांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. सेलेस्टिननं पदराची गाठ मुठीत धरली. तोंडात उत्तर तयार होतं. तीन वर्षं ते घोळवून घोळवून गुळगुळीत झालं होतं. समोर पास्कल पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता, त्याचं तिला काडीचं वाटलं नाही. पलीकडं पीटर आणि बाकीचे भरल्या पोटांनी पश्चात्ताप करत उभे होते, त्यांना तर नरकात जाताना ती हात हलवून निरोप देणार होती. पण मध्ये ती झावळी वाजत होती. या म्हातारीजवळ दुसरं काही नाही, सेलेस्टिनच्या मनात आलं. एवढं एक आहे आणि ते मी गाठ सोडून सगळ्यांपुढं फरशीवर ओतणार. आणि त्या दोघीतिघी शुक्रवारी चादर अंथरणार.

"कोलीम निघतं, फादर," ती म्हणाली. "जवल्यावानी बारीक कोलीम. कवा कवा मासलीचा काटा."

फादरांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. "पोटातून?"

"व्हय, फादर."

"तू स्वतः पाहिलंस."

"रोज बघते."

फादर उठले. "मग ज्याचं मन ग्वाही देईल त्यानं खावं," ते म्हणाले. "कात्रीनबाय, शुक्रवारी चादर तुम्हीच अंथराल." व्हरांडा हलका झाला. कोणीतरी पास्कलच्या पाठीवर थाप मारली, आणि देवळाच्या पायऱ्या उतरायच्या आत तिघांनी त्याच्याकडं बुधवारसाठी पाखरं सांगूनही टाकली.

पास्कल तिथंच लोकांत रमला. सेलेस्टिन सासूबरोबर घरी निघाली. उन्हानं पायवाट तापली होती. ऐन उपासात, देवळाच्या व्हरांड्यात, फादरांच्या तोंडावर ती खोटं बोलली होती, आणि त्याचा मोबदला म्हणून आता मरेपर्यंत दर उपासाला तिनं मऊ अंडी फोडायची होती. स्वतःचीच तिला घाण वाटत होती. तरी मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं, म्हातारीचा मान राहिला. चला, तेवढं तरी चांगलं झालं.

दारात येताच कात्रीनबाय ओट्यावर टेकली आणि गुडघे चोळू लागली. सकाळीच पास्कलनं मारून आणलेली सात-आठ करवानकं टोपलीत पडली होती.

"पदराची गाठ सोड आता," म्हातारी म्हणाली. "सकालपासून मुठीत धरून बसलीस. किडे हायत ना?"

सेलेस्टिन जागच्या जागी उभी राहिली. "तुमाला कसं म्हाईत?"

"शनवारी धुताना बघितलं." कात्रीनबाय तिच्याकडं न बघता बोलत होती. "मासली विकन्यात जल्म गेला माझा, सेलू. तोंडात घातलं की कनच्या खाडीची ती सांगन मी. पाखराचं मास मला न्हाय कलायचं?"

"पयल्या दिवशीच कललं?"

"पयल्या घासाला."

जिच्या उपासासाठी आपण आपला आत्मा डागाळला, तो उपास तीन वर्षांपूर्वीच पाटावर बसून, मागून मागून, संपवलेला. "मंग खाल्लंत क्याला?" सेलेस्टिन म्हणाली.

कात्रीनबायनं विचार केला. तिला उत्तर शोधावं लागत होतं असं नाही. ते ती पहिल्यांदाच कोणाला सांगत होती.

"भूक लागली व्हती," ती म्हणाली. "पोरवयापासून दर वरसी उपासात भूक लागली व्हती, सेलू. मानामुले सोडता बी येईना. कुनी मासली हाय म्हनून वाडायची मी वाट बगत व्हते."

सेलेस्टिननं त्या वाळक्या म्हातारीकडं पाहिलं. तिला दया आली, आणि दयेच्या पाठोपाठ, तिच्यापेक्षा मोठी, शिसारी आली. या बाईची, तिच्या पोराची, पीटरची, त्या फसवून घ्यायला तयार असलेल्या सगळ्या गावाची, आणि सगळ्यांत आधी स्वतःची. तिनं पदराची गाठ सोडून कवचं अंगणात झटकली. मग टोपली दोन्ही हातांनी उचलली आणि सासूच्या मांडीशी आणून आदळली.

"घ्या," ती म्हणाली. "आजपासून पिसं तुमी काढा."

म्हातारीनं टोपलीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. नाही म्हणायची सोय तिला राहिली नव्हती, आणि ते तिलाही समजलं. तिनं वरचं पाखरू पायाला धरून बाहेर ओढलं.

"पानी तरी तापवून दे," ती म्हणाली.

"ते बी तुमीच तापवा."

सेलेस्टिन घरात गेली, दुसरं लुगडं आणि फणी एका फडक्यात बांधून बाहेर आली, आणि सासूच्या शेजारून ओटा उतरून उत्तनच्या वाटेला लागली. माहेरी बोंबील वाळत टाकायचे दिवस होते. ईस्टर होऊन गेल्यावरच ती परत आली.